दोर तुटला नाही, वसंतराव

वसंतराव, आधी एक सांगून टाकतो, मग पुढचं बोलू. दोर तुटला नाही.

तुम्हाला ते माहीतच असणार, तुम्ही त्यातच बसला होता. मला माहीत नव्हतं. त्या दिवशी सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत मला माहीत नव्हतं, आणि ते पाच तास मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. आज तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. लोक भेटायला येतात आणि जाताना माझ्या मुलाला, सुहासला, दारात हळूच म्हणतात, तुझे वडील फार खंबीर आहेत. खंबीर कसला! छातीवरचा धोंडा उतरलाय, तो त्यांना दिसत नाही. व्याही गेला याचं दुःख आहे. जेवताना आहे, फोन वाजला की आहे. पण सुटल्यासारखं वाटतंय हेही खरं आहे, आणि तुमच्याशी खोटं बोलायला आता काही कारण उरलेलं नाही. एक खोटं बोललो होतो. त्याचं पुढे सांगतो.

हे मला मेधानं लिहायला लावलं. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात बाबांवर काहीतरी यायला हवं म्हणाली. कंपनीतले लोक इंजिनांबद्दल लिहितील, अप्पा, तुम्ही झाडाबद्दल लिहा. मी म्हटलं, अगं, मी तिसरीत शाळा सोडलेला माणूस, मी काय लिहिणार? तर तुमची लेक म्हणते, "बाबा तुमच्याशी भांडायचे तसे दुसऱ्या कोणाशी भांडायचे नाहीत. तेच लिहा." आता सुनेनं सांगितल्यावर मी कुठे जाणार? तुम्ही सुद्धा तिच्यापुढे कधी बोलला नाहीत.

तर भांडण पहिल्यापासून. सुहास आणि मेधाच्या लग्नात तुम्ही तुमच्या पुण्याच्या पाहुण्यांना माझी ओळख करून दिलीत. म्हणालात, "हे आमचे व्याही. डहाणूकडचे बागायतदार." मी हात जोडले. बायकोनं माझ्या शर्टाची बाही ओढली, गप्प राहा म्हणून. वसंतराव, माझी बागायत काय होती? दुसऱ्यांच्या बांधावरचे ताड. सकाळी चढायचं, रात्रीची ताडी उतरवायची, पोय म्हणजे फुलोऱ्याचा कोंब कापायचा, त्याला मडकं बांधायचं, उतरायचं, पुढच्या ताडावर जायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. त्याच ताडावर मुलगा इंजिनियर झाला आणि तुमच्या जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनला पोचला. मला लाज नव्हती. तुम्हाला होती. त्या एका शब्दासाठी मी तुमच्यावर सहा वर्षं राग धरला, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागू दिला नाही.

मग माझी बायको गेली. त्याच्या आदल्या वर्षी विहीणबाई गेल्या होत्या. मुलानं मला इकडे बोलवायला सुरुवात केली, दर वर्षी तीन महिने, व्हिसा तेवढाच मिळतो. मी पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही नोकरीतून मोकळे झाला होतात आणि साठी उलटल्यावर शिकारीची परीक्षा देऊन बसला होतात. लोक देवाला लागतात, तुम्ही बंदुकीला लागलात. म्हणालात, "घरात बसून काय करू, व्याहीबुवा? जंगलात निदान कोणी 'जेवलात का' असं विचारत नाही." मला तेव्हा हसू आलं होतं. आता मी तेच वाक्य घेऊन बसलोय.

रुडीच्या ताब्यातलं जंगल होतं. रुडी म्हणजे तुमचा कंपनीतला जुना जोडीदार, हातात फावडं घेतल्यासारखा हात मिळवणारा. त्यानं तिथला शिकारीचा हक्क भाडेपट्ट्यानं घेतला होता आणि तुम्हाला परवानगीचा कागद दिला होता. तिथलं हरीण पाहिलं आणि मी म्हटलं, हे तर आपलं भेकर. तुम्ही म्हणालात, रे म्हणतात त्याला. मी म्हटलं, काही म्हणा, भेकर आहे.

आणि ती मचाणं! रुडीच्या मचाणाला लाकडी शिडी, वर खोपटं, खोपट्याला खिडकी, आत बसायला फळी, फळीवर उशी. तुम्ही त्याला होखझिट्स म्हणायचात आणि कौतुकानं दाखवायचात. मी खाली उभा राहून बघितलं आणि विचारलं, "हे किती वर्षांपासून इथे आहे?"

"दहा-बारा."

"मग भेकरांना ठाऊक नसेल होय? त्यांच्या आजीनं सांगितलं असेल, त्या खोपटात म्हातारा बसतो."

तुम्ही हसलात, पण ती गोष्ट तुमच्या डोक्यात राहिली. कारण वारा फिरला की तुमचा वास त्यांच्याकडे जायचा, आणि मचाण काही उचलून दुसरीकडे नेता येत नव्हतं. त्याच आठवड्यात त्या शिडीची एक पायरी तुमच्या पायाखाली मोडली. आतून कुजली होती, वरून काही कळत नव्हतं. पाय मांडीपर्यंत आत गेला. तुम्ही हातांवर लटकलात म्हणून वाचलात. घरी आल्यावर मेधानं आयोडिन लावलं, आणि तुम्ही मराठीत, जर्मनमध्ये आणि मग पुन्हा मराठीत शिव्या दिल्यात.

मग तुम्ही अॅल्युमिनियमचं एक उचलून न्यायचं मचाण आणलंत. झाडाला साखळीनं बांधायचं. पाठीवर घेऊन चाललात की भांड्याच्या दुकानातून बैल चालल्यासारखा आवाज. मी मागून चालत होतो. म्हटलं, "वसंतराव, वाजंत्री लावून कोणाच्या लग्नाला चाललोय?" त्या दिवशी आपल्याला एक खारसुद्धा दिसली नाही.

आणि मग पुढच्या वर्षी मी आलो तर तुम्ही दारातच मला कॉम्प्युटरवरून छापलेला कागद दाखवलात. अमेरिकेतले शिकारी झाडाला खोगीर बांधतात म्हणे. कमरेखाली रुंद पट्टा, त्याला दोर, दोर झाडाला. फळी नाही, खोपटं नाही. झाडाला पाय लावायचे आणि मागे रेलायचं. पाठीवरच्या पिशवीत मावतं. वारा फिरला तर झाड बदलायचं. हरीण या बाजूनं आलं तर आपण खोडाच्या त्या बाजूला सरकायचं, खोडच आडोसा. आणि मुख्य म्हणजे, तुम्ही बोट ठेवून वाचलंत, जमिनीवरून पाय उचलल्यापासून पुन्हा जमिनीवर टेकेपर्यंत माणूस बांधलेला. मचाणावर कोण बांधून घेतो? चढताना नाही, उतरताना नाही, आणि पडतो तो तेव्हाच.

मी कागदावरच्या चित्रावरून बोट फिरवलं. तुम्ही म्हणालात, "काय, पटतंय का?"

मी म्हटलं, "हे मला काय दाखवता? यात मी चाळीस वर्षं बसलोय."

तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बघितलंत. माझ्याकडे तसं तुम्ही लग्नातही बघितलं नव्हतं.

ते अमेरिकेतलं खोगीर आलं त्या दिवशी रुडीला बोलावलंत. त्यानं पट्टा उलटसुलट केला आणि काहीतरी बोलून मोठ्यानं हसला. मी विचारलं, काय म्हणतोय? तुम्ही सांगेचनात. शेवटी मेधानं सांगितलं: "म्हणतोय, शिकारी बसतो. लटकतं ते माकड."

मी म्हटलं, त्याला सांग, माकड कधी शिडीवरून पडल्याचं ऐकलंय का?

मेधानं सांगितलं. रुडीनं एकदा तुमच्या मांडीकडे बघितलं, जिथे ती पायरी लागली होती, आणि मग त्यानं मला पहिल्यांदा बिअर दिली.

पण माझाही माज उतरायचा होता. तो तुमच्यासमोर उतरला. पाइनचं झाड होतं, खोड खरबरीत, ताडासारखंच. तुम्ही पट्ट्यानं बांधायच्या लोखंडी पायऱ्या आणि तुमचं खोगीर घेऊन तयारी करत होतात. मी म्हटलं, बाजूला व्हा. बूट काढले. तुमचा दोर कमरेभोवती आणि खोडाभोवती घेतला, गाठ मारली आणि चढलो. सदुसष्टाव्या वर्षी, लंगड्या पायानं! खाली तुम्ही "अहो, अहो" करत होता. रुडीचं हसणं बंद झालं होतं. मी वरून बघितलं आणि मनात म्हटलं, बघा, बागायतदार चढतोय.

आणि डोक्याला फांदी लागली.

वसंतराव, माझ्या चाळीस वर्षांत झाडाला फांदी नव्हती. ताड म्हणजे खालपासून वरपर्यंत सरळ, दोर वर सरकवत जायचा, शेंड्याला पोचायचं. फांदी ओलांडायची तर दोर सोडायला लागतो, फांदीच्या वर पुन्हा बांधायला लागतो, आणि मधल्या वेळात माणूस कशाला बांधलेला? कशालाच नाही. मी तिथे थांबलो. खाली उतरायचं तर हार. वर जायचं तर दोर सोडायचा. मी फांदीला धरून बघत राहिलो, जणू मला निसर्ग बघायचा होता.

"व्याहीबुवा, काय झालं?"

"काही नाही. हवा खातोय."

"अडकलात का?"

"मी अडकत नसतो."

पाव तास मी हवा खाल्ली. शेवटी पाय भरून आले. मी डाव्या हातानं गाठ सैल करायला गेलो, तुम्ही खालून ओरडलात, "थांबा! सोडू नका! दुसरा दोर देतो! आधी फांदीच्या वर दुसरा बांधा, मग पहिला सोडा!" आणि तुम्ही दोर फेकलात. पहिल्यांदा तो बाजूच्या झाडावर गेला. दुसऱ्यांदा रुडीच्या टोपीवर. तिसऱ्यांदा माझ्या तोंडावर. मी वरच्या वर बांधला, खालचा सोडला, फांदी ओलांडली. एवढी साधी गोष्ट. चाळीस वर्षं चढलेल्या माणसाला सुचली नाही, आणि कधी ताडाच्या खाली उभ्या न राहिलेल्या इंजिनियरला सुचली.

खाली आल्यावर मी म्हटलं, "मला येत होतं ते. तुम्हाला सुचतं का बघत होतो."

तुम्ही म्हणालात, "गेनाऊ." तुमचा तो शब्द. 'अगदी बरोबर' म्हणायचं आणि एक अक्षरही मानायचं नाही.

तेव्हापासून दोन दोर ठरले. तुमची अक्कल आणि माझी गाठ. माझी गाठ तुम्ही आठ दिवस खुर्चीच्या पायावर गिरवलीत: भार आला की आवळते, भार काढून मागून अंगठ्यानं ढकलली की सुटते. मी तुमच्या बोटांवर चापट्या मारल्या. झाडाला अंग कसं द्यायचं, गुडघे खोडाला कसे टेकवायचे, एक कूस दुखली की दुसरीवर कसं जायचं, ते शिकवलं. दोन-तीन तास तुम्ही न हलता बसायला लागलात. म्हणायचात, "होखझिट्समध्ये कंबर धरायची. यात कंबरेला वाटतं कोणीतरी धरलंय." आणि भेकरं खालून जायची. वर बघायचीच नाहीत. झाडाला माणूस लागतो हे त्यांच्या आजीनं त्यांना सांगितलेलं नव्हतं.

रुडीच्या शिकाऱ्यांची बैठक होती, तिथे तुम्ही मला घेऊन गेलात. हिरव्या कोटातले वीस-पंचवीस लोक. एकानं तुम्हाला विचारलं, हे कोण? मी म्हटलं, आता पुन्हा बागायतदार होणार. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि जर्मनमध्ये काहीतरी म्हणालात. सगळे माझ्याकडे बघायला लागले, एक म्हातारा उठून उभा राहिला आणि हात मिळवला. घरी येताना गाडीत मी विचारलं, काय सांगितलंत त्यांना? तुम्ही आरशात बघत म्हणालात, "खरं ते सांगितलं. हे ताडी काढायचे, आणि हे माझे मास्तर आहेत."

 तेव्हा तुम्हाला काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. सहा वर्षांचा राग त्या गाडीत, हायवेवर, कुठल्या तरी बोर्डापाशी उतरून गेला. आता तुम्हाला सांगतो: पोचलं, वसंतराव. त्याच दिवशी पोचलं.

मग हे वर्ष. मी येताना काथ्याचा दोर घेऊन आलो. पडवीत बसून दोन महिने वळला होता, एकेक पेड हातानं. तुमच्यासाठी. विमानतळावर तपासणीच्या बाईनं तो पिशवीतून काढून हुंगला. तुम्ही तो हातात घेतलात, ताणून बघितलात आणि इंजिनियर जागा झाला.

"किती भार घेतो हा?"

"घेतो तेवढा घेतो."

"टेस्ट कुठे केलाय?"

"माझ्या कमरेवर."

"किती दिवसांनी बदलायचा?"

"दोर तुटत नसतो, वसंतराव. माणूस घाबरतो."

"तुम्ही कधी पडलात?"

"चाळीस वर्षांत एकदाही नाही."

"आणि हा पाय?"

"बैलानं लाथ मारली."

"गेनाऊ," तुम्ही म्हणालात, आणि माझा दोर कपाटात ठेवलात. तुमचा तो निळा कारखान्यातला दोर, त्याच्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडे, तोच वापरत राहिलात. मला ते लागलं. दोन महिने मी बोलून दाखवत राहिलो. शेवटी त्या मंगळवारी जेवताना सगळ्यांसमोर म्हटलं, "माझ्या दोरावर भरवसा नसेल तर मला मास्तर म्हणू नका आणि जंगलातही नेऊ नका." तुम्ही ताटावरून उठलात. दोन दिवस आपण बोललो नाही. पोरं झालो होतो दोघं.

गुरुवारी संध्याकाळी तुमचा फोन आला. "उद्या सकाळी तुमचा दोर नेतोय बरं का झाडावर. खूश?"

मी म्हटलं, "बघा आता फरक."

बस. तुमच्याशी माझं तेच शेवटचं बोलणं. बघा आता फरक.

शुक्रवारी अकरा वाजता सुहासचा फोन आला. तो ऑफिसातून थेट जंगलाकडे गेला होता. म्हणाला, "अप्पा, बाबा गेले. झाडावरच. फायरब्रिगेड आलंय. दोर पोलिसांनी घेतलाय. मी मेधाजवळ आहे, आल्यावर बोलतो." आणि ठेवला.

दोर पोलिसांनी घेतलाय. मी एवढंच ऐकलं. धडधाकट दोराशी पोलिसांचं काय काम? घरात मी एकटा. खुर्चीवर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. तुमचं कपाट तिकडे तुमच्या घरी, नाहीतर दोर आत आहे का ते बघितलं असतं. काथ्याचा एकेक पेड आठवायला लागलो. कुठला सैल होता? पावसाळ्यात वळलेला, नीट वाळला होता का? मला तुमचा तो प्रश्न ऐकू यायला लागला: किती दिवसांनी बदलायचा? आणि माझं उत्तर. आणि बैल.

कारण वसंतराव, बैल नव्हता. आमच्याकडे बैल कधीच नव्हता. मी पडलो होतो. एकतिसाव्या वर्षी, वडिलांच्या दोरावरून. ताडी ठिबकून दोर चिकट होतो, मुंग्या लागतात, आतून खातात, वरून काही कळत नाही. अगदी रुडीच्या त्या पायरीसारखं. वडिलांचा दोर म्हणून मी बदलला नाही, माज म्हणून बदलला नाही. अर्ध्या ताडावरून बांधावर आलो, कंबर गेली, पाय कायमचा लंगडा झाला. बायकोनं गावात सांगितलं, बैलानं लाथ मारली. कारण पडलेल्या माणसाला कोणी ताड देत नाही. मालक म्हणतात, हा पुन्हा पडेल आणि आमच्या गळ्यात येईल. पोटासाठी बोललेलं खोटं, पुढे मला खरंच वाटायला लागलं. मी ते एवढ्या वेळा सांगितलं की त्या बैलाचा रंगसुद्धा मला ठाऊक आहे.

आणि तेच खोटं मी तुमच्या कमरेला बांधलं, असं मला त्या पाच तासांत वाटलं. मेधा घरी आली की तिच्याकडे कसं बघायचं? तुझ्या बापाला मी मारलं, असं सुनेला कुठल्या भाषेत सांगतात? तिकीट बदलून त्याच दिवशी निघून जावं असं मनात आलं. मग वाटलं, जाऊन कुठे जाणार, ताडाखालीच ना.

चारला दार उघडलं. मेधा, सुहास, मागे रुडी, हातात टोपी. मेधाचे डोळे सुजलेले. मी उठून उभा राहिलो. मला वाटलं, आता ती विचारणार. ती आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "अप्पा, बाबा पडले नाहीत. बसलेले होते. डोकं खोडाला टेकून. रुडी म्हणतो, आधी त्याला वाटलं झोप लागली."

मी विचारलं, "कुठल्या दोरावर?"

तिला कळेना. मी पुन्हा विचारलं, ओरडूनच विचारलं बहुतेक. "मेधा, कुठल्या दोरावर बसले होते?"

तिनं रुडीला विचारलं. तो म्हणाला: निळ्या. दोन्ही निळे. खालचा, वरचा. वीतभरही सरकले नव्हते. डॉक्टर म्हणाला, हृदय थांबलं, घरात थांबलं असतं, गाडीत थांबलं असतं, इथे थांबलं. दुखलं असेल तर थोडं. पोलिसांना दोर हवा असतोच, कोणी झाडावर मेला की, कागदासाठी.

"आणि काथ्याचा?"

रुडीला काथ्या समजावायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा उजळला. हातानं खूण केली: पिशवी, वर ओढायची. आणि मग मेधाकडे बघून काहीतरी म्हणाला, आणि मेधा रडता रडता हसायला लागली.

"अप्पा, तुमच्या दोराला बाबांनी थर्मास बांधला होता."

वसंतराव! दोन महिने वळलेला दोर, आणि तुम्ही त्याला कॉफी लटकवलीत! मी खाली बसलो. मला राग यायला हवा होता. इतकं बरं मला माझी कंबर जोडली गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. तुम्ही माझं ऐकलं नाहीत. आयुष्यात कोणी माझं ऐकलं नाही म्हणून मला इतका आनंद कधी झाला नाही. तुम्ही फोनवर खोटं बोलला नव्हतात, झाडावर नेला होतात खरा.

तुम्हाला निरोप देताना रुडी आणि त्याचे हिरव्या कोटातले लोक आले होते. शिंग वाजवलं. एकेकानं तुमच्यापाशी हिरवी डहाळी ठेवली. त्यांनी मला तुमच्या भावाच्या जागी उभं केलं, मी उभा राहिलो.

काल मी मेधाला म्हटलं, मला त्या झाडापाशी घेऊन चल. रुडी तिथे आला, गाडीवर शिडी घेऊन. झाड चांगलं निवडलं होतंत, वाऱ्याच्या उलट, समोर मोकळं गवत. वर तुमची कॉफी लटकत होती, काथ्याला. आणि खोडाभोवती निळ्या दोराचा फेर तसाच होता. फायरब्रिगेडच्या माणसांना गाठ सुटली नाही, म्हणून त्यांनी खालून दोर कापला, वरची गाठ राहिली.

तिथे उभा राहून मी दोघांना सांगितलं. पडलो होतो, बैल नव्हता, सगळं. पहिल्यांदा. मेधानं थांबून थांबून रुडीला जर्मनमध्ये सांगितलं. मला वाटलं, तो हसेल. तो हसला नाही. म्हणाला, आणि मेधानं मला मराठीत सांगितलं, "वसंतनं मला गेल्याच वर्षी सांगितलंय. म्हणाला, माझा मास्तर दोर हातात घेतला की बोटांनी तीनदा चाचपतो. न पडलेला माणूस एकदाच चाचपतो."

तुम्हाला ठाऊक होतं! माझ्या तोंडावर 'गेनाऊ' म्हणालात, आणि कपाटात दोर ठेवलात, आणि एवढ्या भांडणातसुद्धा बैलाचं नाव काढलं नाहीत. मी माझा माज सांभाळत होतो, आणि तुम्हीही तोच सांभाळत होता, माझ्यासाठी.

रुडी म्हणाला, मी वर जाऊन थर्मास काढतो. मी म्हटलं, नाही. बूट काढायला लागलो. मेधा म्हणाली, "अप्पा, प्लीज." मी तिच्याकडे बघितलं, झाडाकडे बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं. आणि म्हटलं, बरं, शिडी लाव.

हसू नका. शिडीनं चढलो. रुडीनं खालून धरली आणि माझ्या कमरेला दोर लावला, निळाच, चिठ्ठीवाला. मी लावू दिला. वर पोचलो. आधी तुमची कॉफी सोडली आणि काथ्यानं खाली दिली, मेधाच्या हातात. मग त्या निळ्या फेराला हात घातला.

गाठ दगडासारखी आवळली होती. तुमचा सगळा भार त्या सकाळी तिनं घेतला होता. पण वेढे बरोबर होते, पहिला खाली, दुसरा वरून, टोक आत. खुर्चीच्या पायावर गिरवलेली, माझी. इतकी नीट तर मी सुद्धा आता बांधत नाही. वसंतराव, भांडण इथेच मिटवू. दोर तुमचा चांगला होता. गाठ माझी चांगली होती.

मी बोटांनी चाचपली. तीनदा. मग मागून अंगठ्यानं ढकलली, आणि ती सुटली.